लिहिले नाही, ते झाले नाही

मराठीत ‘हार्टफेल’ हा शब्द मरणाचा आहे. ‘परवा रात्री हार्टफेलने गेले’ असे कोणी सांगितले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. निधनवार्तेत त्याचेच भारदस्त रूप छापून येते, ‘हृदयक्रिया बंद पडून’. डॉक्टरांच्या भाषेत मात्र ‘हार्ट फेल्युअर’ हा मरणाचा नव्हे, जगण्याचा शब्द आहे. त्या माणसाचे हृदय थांबलेले नसते. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलताना ते कमी पडू लागलेले असते, इतकेच. असा माणूस योग्य औषधांवर कित्येक वर्षे काढतो. तो बाजारात जातो, नातवाला शाळेत सोडतो. फक्त जिना चढताना त्याला धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते आणि रात्री एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. त्यांच्यात गल्लत झाली की काय होते, हे मला रोज कामावर दिसते आणि घराच्या आसपासही दिसते. कामावर आणि घरी दिसणाऱ्या गोष्टींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या फरकाविषयीच लिहायचे आहे.

मी मीरा रोडला राहते आणि मेडिकल कोडिंग करते. ‘कोडिंग’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संगणकाचे प्रोग्रॅम येतात. आमच्याकडच्या कित्येक मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे’ हा गैरसमज बराच काळ सुखाने नांदलेला असतो. प्रत्यक्षात आमचे काम वाचनाचे आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णाचे केसपेपर आमच्या पडद्यावर येतात. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेला संकेतांक द्यायचा. त्या संकेतांकांवर तिथले बिल, विम्याचा परतावा आणि सरकारी आकडेवारी उभी राहते.

चेन्नई, हैदराबाद ही या धंद्याची मोठी केंद्रे. आमच्या बाजूला ऐरोली, ठाणे, अंधेरी. मीरा-भाईंदरहून रोज सकाळी बरीच मुलेमुली तिकडे निघतात. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाणे आणि तिथून पुढे लोकलने ऐरोली, हा त्यांतल्या अनेकांचा रस्ता. कोणी बी. फार्म. झालेले, कोणी फिजिओथेरपी केलेले, कोणी होमिओपॅथीची पदवी घेऊनही दवाखाना थाटायला भांडवल नसलेले. फोनवर बोलायचे नसल्याने बहुतेकांना रात्रपाळी नसते, आणि घरच्यांना त्याचेच मोठे समाधान असते. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, टेबलावर कागद-पेन चालत नाही. रुग्णाची एक ओळसुद्धा बाहेर जाता कामा नये, असा अमेरिकेचा १९९६चा कायदा आहे. आणि चूक? शंभर संकेतांकांत पंचाण्णव बरोबर असावेतच, अशी साधारण अपेक्षा. त्याखाली घसरले की पुन्हा प्रशिक्षण.

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या लोकांना फोनवर धमकावायचे आणि पैसे उकळायचे, असा तो उद्योग होता. आमच्या गावाचे नाव सातासमुद्रापार गाजले ते त्या निमित्ताने. त्याच गावातली शेकडो मुले त्याच अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांचे केसपेपर इमानेइतबारे वाचत बसतात, याची बातमी होत नाही. बातमी व्हावी असे त्यात काही नाही, हेही खरे.

एका आजाराची वंशावळ

रोगांना क्रमांक देण्याची कल्पना नवी नाही. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. देशोदेशींच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती यादी आपल्याकडे घेतली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि अमेरिकेने स्वतःची अधिक बारीक विभागणी करून ती १ ऑक्टोबर २०१५पासून रुग्णालयांच्या बिलांसाठी वापरात आणली. अकरावी आवृत्ती २०२२ साली लागू झाली असली, तरी आमच्या पडद्यावर आजही दहावीच आहे.

या यादीत हार्ट फेल्युअरचे घर ‘आय ५०’. नुसते ‘हार्ट फेल्युअर’ एवढेच लिहिलेले असेल तर ‘आय ५०.९’, म्हणजे ‘तपशील दिलेला नाही’. हृदयाचे आकुंचन कमजोर असेल तर ‘५०.२’. आकुंचन ठीक, पण हृदय ताठर होऊन नीट सैलावत नाही, त्यामुळे पुरेसे भरत नाही, असे असेल तर ‘५०.३’. दोन्ही दोष एकत्र असतील तर ‘५०.४’. त्यापुढे आणखी एक आकडा येतो. आजार नुकताच उसळलेला असेल तर १, जुना असेल तर २, जुनाच पण आता पुन्हा उसळलेला असेल तर ३. म्हणजे ‘आय ५०.२३’ हा आकडा वाचला की जाणकाराला कळते: या माणसाचे हृदय आकुंचनात कमजोर आहे, दुखणे जुने आहे आणि या वेळी ते बळावल्यामुळे तो दाखल झाला आहे. दशांशचिन्हापुढच्या दोन आकड्यांत एक छोटी कहाणीच असते.

कहाणीला पोटकहाण्याही असतात. रुग्णाला रक्तदाब असेल आणि हार्ट फेल्युअरही असेल, तर डॉक्टरने तसे लिहिलेले नसले तरी दोहोंचा संबंध आहे असेच ही पद्धत धरून चालते आणि आधी ‘आय ११.०’ लावायला सांगते. संबंध नसेल, तर ते डॉक्टरने स्पष्ट लिहायला हवे. सोबत मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर ‘आय १३’चे घर उघडते. एका माणसाच्या शरीरात रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड एकमेकांचा हात धरून खाली येतात, हे डॉक्टर पूर्वीपासून जाणतात. यादीने ते आपल्या क्रमांकांत बसवले आहे.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. यादीचा नियम असा की आजाराचे नाव मिळाले की त्या आजाराची नेहमीची लक्षणे वेगळी नोंदायची नाहीत. अमेरिकन डॉक्टर रुग्णाला विचारतो, किती उशा लागतात? आणि ‘थ्री-पिलो ऑर्थोप्निया’ असे लिहितो, म्हणजे तीन उशा घेतल्याशिवाय आडवे होता येत नाही. रुग्णाच्या लेखी आजार म्हणजे त्या तीन उशा. आमच्या लेखी तो ‘५०.२३’, आणि उशा त्यात विरघळून जातात. अचूकपणाचीही किंमत मोजावी लागते ती अशी.

विचारायचे, पण सुचवायचे नाही

आमच्या धंद्याचा पहिला धडा एका ओळीचा आहे: लिहिले नाही, ते झाले नाही. इकोच्या अहवालात हृदयाच्या पंपाची ताकद, म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, ३० टक्के आली आहे. निरोगी हृदयात ती ५०च्या वर असते. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांत पाणी दिसते. शिरेतून लॅसिक्स दिलेले आहे आणि त्याने चार लिटर पाणी बाहेर पडले आहे. कोणालाही समजावे की हा आकुंचनाचा दोष आहे आणि तो आत्ता बळावला आहे. पण डॉक्टरने निदानाच्या जागी नुसते ‘सीएचएफ’ लिहिले असेल, तर आम्ही ‘५०.९’च्या पुढे एक पाऊल टाकू शकत नाही. अहवाल वाचून निदान करण्याचा अधिकार आमचा नाही, तो डॉक्टरचा.

अशा वेळी डॉक्टरकडे एक लेखी प्रश्न जातो. त्याला आम्ही ‘क्वेरी’ म्हणतो. मला या धंद्यातला सर्वांत सभ्य भाग हाच वाटतो. प्रश्नात आधी केसपेपरातल्या खुणा मांडायच्या: इकोचा आकडा, एक्स-रे, औषध. मग विचारायचे की आपल्या मते या हार्ट फेल्युअरचा प्रकार आणि तीव्रता कोणती? खाली पर्याय द्यायचे आणि त्यांत ‘अन्य काही’ व ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचे. उत्तर सुचवायचे नाही. अमुक लिहिलेत तर रुग्णालयाला अधिक पैसे मिळतील, असा तर शब्दही उच्चारायचा नाही. कोर्टात साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालायला वकिलाला बंदी असते, त्यातलाच हा प्रकार.

डॉक्टरांची भाषा आणि यादीची भाषा एक नाही, ही दुसरी अडचण. आजचे हृदयतज्ज्ञ ‘सिस्टॉलिक-डायस्टॉलिक’ असे फारसे लिहीत नाहीत. ते इजेक्शन फ्रॅक्शनवरून बोलतात. ४० किंवा त्याखाली असेल तर ‘घटलेले’, ५० किंवा त्यावर असेल तर ‘टिकून असलेले’. रोगांची यादी मात्र जुन्याच शब्दांवर अडून होती. त्यामुळे डॉक्टरने आधुनिक शब्द अचूक लिहिला तरी आम्हांला पुन्हा प्रश्न पाठवावा लागे. अखेर २०१६च्या आरंभी अधिकृत मार्गदर्शन आले की ‘घटलेले’ म्हणजे सिस्टॉलिक आणि ‘टिकून असलेले’ म्हणजे डायस्टॉलिक असे धरावे. किती कोडरांनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला असेल!

हा सगळा काटेकोरपणा रुग्णावरच्या प्रेमापोटी आला आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो पैशातून आला आहे. वृद्धांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, १९८३ सालापासून रुग्णालयांना प्रत्येक दिवसाचे, प्रत्येक सुईचे पैसे देणे थांबवले आणि आजारांचे गट पाडून गटागटाला ठरावीक रक्कम लावून दिली. समजा, मांडीचे हाड मोडून एक आजोबा दाखल झाले. त्यांना सोबत जुने सिस्टॉलिक हार्ट फेल्युअर असेल तर केसचे वजन वाढते. ते या वेळी बळावलेले असेल तर आणखी वाढते. ‘ॲक्यूट’ या एका शब्दाने बिलात हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. तेव्हा शब्दाकडे लक्ष पुरवणाऱ्या माणसांची फौज उभी राहिली, ती आमच्या गावापर्यंत पोहोचली.

जिथे शब्दाला पैसा चिकटतो, तिथे शब्द फुगवण्याचा मोहही येतोच. मेडिकेअरच्या खासगी योजनांत रुग्ण जितका आजारी दाखवला जातो तितकी कंपनीला मिळणारी रक्कम वाढते. केसपेपरांत आधार नसलेली निदाने कळवल्याचे आरोप मिटवण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सटर हेल्थने २०२१ साली ९ कोटी डॉलर, तर सिग्नाने २०२३ साली १७ कोटी २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणावी, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडेही वाचावेत. तरीही एक गोष्ट उरते. हेतू पैशाचा असो, की आणखी कशाचा. त्या म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला नेमके काय झाले आहे, हे तिथल्या कागदावर लिहिलेले असते. पुढच्या डॉक्टरला ते वाचता येते.

प्लॅस्टिकच्या पिशवीतले हृदय

आता आमच्या गावात येऊ. मीरा-भाईंदरमधल्या हृदयरोग्याची फाइल म्हणजे बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. औषधाच्या दुकानाचे नाव छापलेली. भाईंदर पश्चिमेला टेंभ्याचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, मीरा रोडला मोठी खासगी रुग्णालये आहेत, गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. तरीही पैसे संपले, खाट मिळाली नाही किंवा मनाचे समाधान झाले नाही की माणूस ती पिशवी घेऊन लोकल पकडतो. बोरिवली, कांदिवली, कधी थेट परळ. प्रत्येक ठिकाणी पिशवीत एक कागद वाढतो आणि प्रत्येक ठिकाणी कहाणी पहिल्यापासून सुरू होते.

ओळखीच्या एका कुटुंबाने अशी पिशवी माझ्यापुढे ठेवली होती. घरचा कर्ता माणूस भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर पॉलिशचे काम केलेला, साठीच्या आतला. दहा महिन्यांत तीन ठिकाणी तीनदा दाखल झालेला. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी लिहिले होते, ‘धाप, पायांना सूज’. ही लक्षणे झाली. निदान कुठे आहे? दुसऱ्यावर ‘सीसीएफ’ ही तीन अक्षरे. तिसऱ्यावर ‘आयएचडी, एलव्हीएफ’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. इकोचा कागद या सर्वांपासून वेगळा, विजेच्या बिलांत सापडला. त्यावर आकडा होता: २८ टक्के. तिन्हींपैकी एकाही कार्डावर तो उतरवलेला नव्हता.

पहिल्या कार्डावर हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी होती. कमजोर हृदयाच्या उपचारातल्या प्रमुख औषधांपैकी ती एक. दुसऱ्या कार्डावर ती नव्हती. का बंद केली? रक्तदाब उतरला म्हणून तात्पुरती, की सोसत नव्हती म्हणून कायमची? कार्ड गप्प होते. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांपुढे दुसरेच कार्ड गेले. त्यांना ती गोळी कधी होती, हेच कळायला मार्ग नव्हता. घरच्यांना एवढेच आठवत होते, ‘एक पांढरी छोटी गोळी होती बघा.’ कोणी हलगर्जी केली असे मी म्हणत नाही. गर्दीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर एका हाताने सलाइन लावतो आणि दुसऱ्या हाताने कार्ड भरतो, हे मी जाणते. पण परिणाम व्हायचा तो झाला. जे लिहिले नाही, ते खरोखरच झाले नाही. गोळी पुन्हा सुरू झाली नाही.

चौथ्यांदा त्यांना नेले तेव्हा ते घरी परतले नाहीत. मृत्यूच्या कारणाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिले होते, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. खालच्या ओळी कोऱ्या होत्या.

या कागदाविषयी थोडे सांगायला हवे. जन्म-मृत्यू नोंदणीचा आपला कायदा १९६९चा. त्यानुसार रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात. त्यात ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा ओळी असतात: प्रत्यक्ष कशाने मृत्यू आला, ते कशामुळे झाले आणि त्याच्या मुळाशी काय होते. आकडेवारीसाठी खरी मोलाची ओळ सर्वांत खालची, मुळाची. आणि याच नमुन्यावर डॉक्टरांना सूचना छापलेली असते की मृत्यूला कारण झालेला आजार लिहा. ‘हार्ट फेल्युअर’सारखा मरण्याचा प्रकार लिहू नका. कारण शेवटी हृदय तर प्रत्येकाचेच थांबते! ते पाण्यात बुडून थांबले की कॅन्सरने, हे सांगायचे असते. आजार म्हणून हार्ट फेल्युअर लिहिले तरी ते कशामुळे आले, ते खाली हवेच. रोगांच्या जागतिक आकडेवारीचा अभ्यास करणारे लोक अशा बिनमुळाच्या नोंदींना ‘गार्बेज कोड’ म्हणतात. कचऱ्याचे संकेतांक. ‘आय ५०’ एकटाच लिहिला तर तो याच टोपलीत जातो.

भारताच्या महानिबंधकांच्या २०२०च्या अहवालानुसार देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते, आणि त्यांतले ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या आजारांचे होते. म्हणजे चारांतल्या तिघांहून अधिक माणसे कशाने गेली ते कागदावर नाही. ज्यांचे आहे त्यांतही ‘हृदयक्रिया बंद’ या झाकणाखाली काय काय दडले असेल, कोण सांगणार? जिथे मनावर घेऊन नोंद झाली, तिथे काय कळू शकते हे त्रिवेंद्रमने दाखवले आहे. तिथल्या १८ रुग्णालयांनी २०१३ साली हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंदवही ठेवली. सरासरी वय ६१, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. सुमारे ७२ टक्क्यांत मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. आणि वर्षभरात दहांतले तिघे दगावलेले. आपली माणसे तरुणपणी आजारी पडतात आणि लवकर जातात, हे कुजबुजीतून नव्हे, नोंदीतून सिद्ध झाले.

आकडेवारी सरकारला लागते, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. त्या पॉलिशवाल्या गृहस्थांचा मुलगा पस्तिशीचा आहे. त्यालाही रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी विचारले, वडील कशाने गेले? तो म्हणाला, ‘हार्टफेलने.’ या उत्तरात रक्तवाहिन्यांचा आजार आहे, की रक्तदाबाने थकलेले हृदय, की हृदयाच्या स्नायूचा घराण्यात उतरणारा एखादा विकार? तिन्हींसाठी मुलाच्या तपासण्या वेगळ्या, काळजी वेगळी. वडिलांनी मागे ठेवलेली ही मिळकत त्याला कोणी वाचून दाखवू शकत नाही, कारण ती कागदावर उतरलीच नाही.

चार ओळींची मागणी

चित्र अगदीच काळे नाही. नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून रुग्णालयात झालेल्या मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे विनामूल्य पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले. ही प्रत मागून घ्यावी, वाचावी. फक्त पहिलीच ओळ भरलेली असेल तर नम्रपणे विचारावे की खालच्या ओळींत काय? नगरपालिकेतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते, त्यामुळे ही एकच संधी असते. सप्टेंबर २०२१मध्ये सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेत केसपेपर एका खात्यावर जोडता येतात. पण खात्यात जे पडेल तेच उघडेल. ‘धाप, पायांना सूज’ एवढेच लिहिलेला कागद संगणकात गेला, तर तो अधिक वेगाने काहीच सांगणार नाही. आता केसपेपर वाचून संकेतांक सुचवणारी यंत्रेही आली आहेत आणि आमच्या नोकऱ्यांचे काय, ही चर्चा डब्याच्या सुट्टीत रोज असते. तरी कोऱ्या ओळीतला मजकूर वाचणारे यंत्र अजून निघालेले नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी सोडताना कार्डावर चार गोष्टी असाव्यात. इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा आणि इकोची तारीख. आजाराच्या मुळाशी काय आहे, ते. कोणती गोळी सुरू केली, कोणती बंद केली आणि का. आणि घरी जाताना वजन किती होते. हे वजन फार महत्त्वाचे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले तर अंगात पाणी साठू लागल्याची ती पहिली खूण असते. धाप त्यानंतर येते. रोज सकाळी काट्यावर उभे राहून आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायला डॉक्टर लागत नाही. मिठागरांच्या या गावात मीठ बेताने खायला सांगणे अवघड जाते, उत्तनच्या खाऱ्या मासळीवर वाढलेल्या माणसाला तर फारच. पण मीठ वाढले की काटा पुढे सरकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की उपदेशाची गरज उरत नाही.

या चार ओळी लिहायला डॉक्टरला दोन मिनिटे लागतात. अमेरिकेतल्या डॉक्टरला त्या पैशासाठी लिहाव्या लागतात. आपल्याकडे त्या लिहिण्याने कोणाला एक पैसाही मिळत नाही, आणि म्हणूनच आपण मागितल्याखेरीज त्या येणार नाहीत. मागायला इंग्रजी यावे लागत नाही. ‘डॉक्टर, पंपाचा आकडा किती, तेवढा इथे लिहून द्या,’ एवढे म्हणता आले तरी पुरे.

आयोवातल्या एखाद्या खेड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या हृदयात नेमका काय बिघाड आहे, तो कधीपासून आहे आणि या वेळी तो कशाने बळावला, हे मीरा रोडची बावीस वर्षांची पोरगी वीस मिनिटांत सांगू शकते. तिला त्या आजींचा चेहरा माहीत नाही, त्यांचे अंगण माहीत नाही. संध्याकाळी ती घरी येते, तेव्हा तिच्याच मजल्यावरचे आजोबा जिन्यात दोनदा थांबून वर चढत असतात. त्यांच्याविषयी तिला विचाराल, तर ती म्हणेल, ‘त्यांना हार्टचे काहीतरी आहे.’ तिचे वाचन कमी पडलेले नसते. तिच्या हाती वाचण्याजोगा कागदच नसतो.